पुण्याहून येऊन कोकणात समुद्राजवळ जमीन घ्यायची आहे. काय तपासावं, आणि गाव आम्हाला आपलं मानेल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं दोन वर्षांत निवृत्त होताय, नावावर शेती नाही, दापोली तालुक्यात समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर दहा गुंठे बघून ठेवलेत आणि एजंट म्हणतोय की कागद क्लिअर आहेत. कागदांबद्दल विचारून झाल्यावर शेवटच्या ओळीत तुम्ही गावाबद्दल विचारलंय. मला वाटतं तोच तुमचा खरा प्रश्न आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

मी याच तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात राहतो. आणि मी विकणाऱ्यांपैकी आहे. २०१८ साली आमच्या सामाईक आगरातला, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतला, अठरा गुंठ्यांचा एक अख्खा हिस्सा आम्ही पुण्याच्याच एका जोडप्याला विकला. खरेदीखतावर चौदा सह्या आहेत, त्यात एक माझी.

त्या आगराच्या कडेनं एक पाखाडी जाते. जांभ्या चिऱ्यांची, जेमतेम सहा फूट रुंद, वरच्या वाडीतून खाली पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूपर्यंत. ती कुणी बांधली हे आमच्या आजीलाही माहीत नव्हतं. बायका त्या वाटेनं विहिरीवर जायच्या, गणपती त्याच वाटेनं विसर्जनाला जातात आणि शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी त्याच वाटेनं खालच्या वाडीतल्या घराघरात जाते. नकाशावर मात्र ती वाट नाही. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात तिची नोंद नाही. आम्ही चौदा जणांनी सह्या केल्या तेव्हा वकिलानं विचारलं, जागेत कुणाचा वहिवाटीचा हक्क आहे का? आमच्यातला थोरला म्हणाला, काही नाही. मी शेजारी बसलो होतो. खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. वाट ही लिहून ठेवायची गोष्ट असते, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पण मी तेव्हा बोलायला हवं होतं, हे मला आजही टोचतं.

दिवाळीनंतर त्यांनी कंपाउंड घातलं. मोजणी करून, नकाशाप्रमाणे, पूर्ण कायदेशीर. पाखाडी आत गेली. २०१९ च्या शिमग्यात पालखी त्या भिंतीपाशी थांबली, खांदेकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि पालखी डांबरी रस्त्यानं वळसा घालून गेली. कुणी आरडाओरडा केला नाही. पण त्या दिवसापासून त्या घराशी वाडी बोलेनाशी झाली. नारळ उतरवायला गडी मिळेना, प्लंबर 'उद्या येतो' म्हणायचा आणि यायचा नाही. त्या वहिनी एकदा माझ्या आईला म्हणाल्या, "आम्ही कुणाचं काय वाकडं केलंय?" आणि खरंच, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा वापरलेल्या वाटेचा हक्क १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानं मान्य होतो. अडवलेल्या वाटेसाठी तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागता येते. वाडीतल्या काहींनी तशी तयारीही केली होती. म्हणजे 'आमच्या सातबाऱ्यावर वाट नाही' एवढ्यावर विकत घेणारा सुरक्षित नसतो, हे ध्यानात ठेवा. जागेवर उभं राहून बघा. गवत कुठे तुडवलं गेलंय, गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, कुठे खिंडार ठेवलंय, बेडं, म्हणजे येण्याजाण्याचं फाटक, कुठे लावलंय. या खुणा तुम्हाला कुठल्याही सर्च रिपोर्टमध्ये मिळणार नाहीत.

तेव्हा केस झाली नाही, त्याचं कारण वादळ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्याकडे माड, पोफळी, आंब्याची जुनी कलमं दुपारच्या काही तासांत आडवी झाली. कित्येक दिवस वीज नव्हती. ते दोघं टाळेबंदीत पुण्यात अडकलेले. त्यांच्या छपरावर माड पडला होता, पावसाळा तोंडावर होता. वाडीतली पोरं स्वतःच्या घरांवर ताडपत्र्या घालून झाल्यावर तिकडे गेली, माड कापून बाजूला केला, छप्पर झाकलं. भिंत पडली होती तिथून सगळे आत गेले. कुणी त्यांना फोन करून उपकार सांगितले नाहीत. त्यांना कळलं ते मी पाठवलेल्या फोटोंवरून.

पुढच्या जानेवारीत दोघं आले आणि देवळात मानकऱ्यांसमोर बसले. तेव्हा मी सगळ्यांदेखत सांगितलं की चूक विकणाऱ्यांची होती. भिंत पुन्हा बांधताना त्यांनी ती पाखाडी बाहेर ठेवून आत घेतली आणि पाखाडीचा हक्क नोंदणी केलेल्या दस्तानं लिहून दिला. त्याचा फेरफार, म्हणजे महसुली नोंदीतला बदल, झाला, आता ती वाट इतर हक्कात आहे. हल्ली शिमग्यात पालखी त्यांच्या अंगणात टेकते आणि त्या वहिनी ओटी भरतात.

आता तुमच्या कागदांकडे येतो.

सगळ्यात आधी, तुमच्या नावावर शेती नाही ही बाब एजंटनं हलक्यात घेतलेली दिसते. कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. प्रादेशिक योजनेत निवासी दाखवलेल्या जमिनीसारखे काही अपवाद आहेत, पण तुमचा प्लॉट अपवादात बसतो हे झोन दाखल्यावर दिसलं पाहिजे, एजंटच्या तोंडी नको. 'आधी घ्या, मग एनए (बिनशेती) करून देतो' हा उलटा क्रम आहे. बेकायदा व्यवहार ठरला तर कलम ८४क खाली चौकशी होऊन जमीन सरकारजमा होऊ शकते. तुमच्या किंवा मिसेसच्या माहेरच्या बाजूनं वारसानं आलेली शेती कुठे असेल तर ती आधी शोधा. आमच्याकडे आलेल्या जोडप्याची सासवडकडे वडिलोपार्जित शेती होती, म्हणून त्यांचं काम सरळ झालं.

दुसरं, सातबारा. घाटावरचा सातबारा बघायची सवय असेल तर कोकणातला बघून गोंधळायला होतं. दहा गुंठ्यांवर पंचवीस नावं असतात. त्यातले निम्मे गेलेले, त्यांचे वारस बोरिवली, नालासोपारा, बडोदा असे पांगलेले. आणि कधी एकच नाव दिसतं, तेव्हा तर जास्त सावध व्हा. नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं असतील तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, त्याच्या मागे भाऊ आणि त्यांची पोरं उभी आहेत. जुने फेरफार काढून वाचल्याशिवाय ते कळत नाही. बहिणींचंही तसंच. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलाइतकाच झाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मापासूनच आहे हे पक्कं केलं. आत्याबाईंना विचारायला गेलो की त्या सहसा 'मला काही नको रे' म्हणतात, पण ते त्यांनी दुय्यम निबंधकासमोर म्हणायला हवं. आमच्या चौदा सह्यांत चार आत्यांच्या होत्या. त्यातली एक ऐंशीच्या पुढची, विरारहून एसटीनं आली होती आणि सही केल्यावर आगरात जाऊन एका माडाला हात लावून आली.

हे सांगायचं कारण असं, की तुम्ही दिलेली रक्कम तुम्हाला मोठी वाटते, पण ती चौदा ठिकाणी जाते. आमच्या वाट्याला जे आलं त्यात घराचं छप्पर आणि आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, संपलं. आणि आज माझ्या पुतण्याला स्वतःच्या गावात पाच गुंठे घ्यायचे म्हटले तर परवडत नाहीत. गावातल्या तरुणांच्या वागण्यात तुम्हाला कधी थंडपणा जाणवला तर तो तुमच्यावरचा राग नसेल, त्याच्यामागे हे असतं.

आणि त्याच्याही मागे जुनं काही आहे. रत्नागिरी हा खोतांचा जिल्हा. इथे कसणारा वेगळा आणि वसूल करणारा वेगळा होता. खोती नष्ट करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडलं, प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. मग कूळ कायद्यानं १ एप्रिल १९५७ ला कुळं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे, मालक मानली गेली. आमच्या वाडीतल्या बऱ्याच घरांकडे जमीन आली ती अशी. म्हणून सातबाऱ्याच्या इतर हक्कात कुळाचं नाव आहे का, ३२म चं, म्हणजे कुळानं जमीन विकत घेतल्याचं, प्रमाणपत्र झालंय का, विक्रीवर बंधन घालणारा कलम ४३ चा शेरा आहे का, हे तुमच्या वकिलाकडून बघून घ्या. प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीमुळे आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरून विक्री होऊ शकते, पण ती भरल्याची पावती हातात हवी. कूळ बाजूला सारून झालेला व्यवहार गाव तीन पिढ्या विसरत नाही.

समुद्र चालत पाच मिनिटांवर, म्हणजे तुम्ही जवळजवळ नक्की सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, आहात. उच्चतम भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंत तो लागू होतो, खाडीच्या काठालाही वेगळ्या अंतरानं लागतो. ती रेषा तुम्ही ओहोटीला बघितलेल्या पाण्यापासून मोजायची नाही, मंजूर नकाशावर बघायची. ग्रामीण किनाऱ्यावर भरती रेषेजवळचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे दाट वस्तीच्या भागात ५० मीटर, बाकी ठिकाणी २०० मीटर. त्यापलीकडेही घरासाठी मंजुरी लागते. आजूबाजूला बांधलेले बंगले दाखवून एजंट 'यांनी बांधलंच ना' म्हणेल. त्यांच्याकडे काय कागद आहेत ते तुम्हाला दिसत नाहीत. जागा अगदी पुळणीला लागून असेल तर आणखी एक विनंती: समुद्राकडे तोंड करून मोठे दिवे लावू नका. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत आमच्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात आणि पिल्लं उजेडाकडे चालत जातात.

मोजणी भूमी अभिलेखकडून विकणाऱ्याला करून द्यायला सांगा, मोजणी नकाशाची क प्रत हातात घ्या आणि मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. शेजाऱ्यांना नोटीस जातेच, पण आदल्या दिवशी त्यांच्या पडवीत जाऊन 'उद्या मोजणी आहे, या' असं सांगून आलात तर फार फरक पडतो. जागेवरचा गडगा आणि नकाशावरची रेघ सहसा जुळत नाहीत. चार फुटांसाठी पहिल्याच दिवशी खुंट हलवायला लावायचा की नाही, ते तिथे उभं राहून ठरवा.

पाण्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या भागात पाण्याची काय चिंता, असं सगळ्यांनाच वाटतं. जांभ्यात पाणी मुरतं आणि उतारानं समुद्राला जातं, एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ दाखवतात. किनाऱ्यालगत बोअर खोल मारली आणि उपसा वाढला की खारं पाणी आत येतं. मग ते एकट्या तुमच्या बोअरला लागत नाही, शेजारच्या तीनशे माडांच्या विहिरीलाही लागतं.

तेव्हा बयाणा दिला नसेल तर थांबा. मेच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस गावात कुणाच्या घरी राहण्या-जेवणाची सोय असेल तिथे उतरा, हॉटेलात नको. सकाळी साडेसहाला त्या प्लॉटपाशी उभे राहा आणि कोण कुठून कुठे जातंय ते बघा. शेजारच्या विहिरीत डोकावा. कुणाच्या विहिरीवर किती वाजता पंप चालतो ते विचारा. मग जुलैत पुन्हा या, पाऊस लागलेला असताना, आणि पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी तुमच्या जागेतून वाहतं का ते बघा. दोन्ही वेळा जागा आवडली तर सातबारा आणि सगळे जुने फेरफार घेऊन वकिलाकडे जा, आणि वकिलानं 'वहिवाट आहे का' असं विचारलं की उत्तर विकणाऱ्यांकडून घेऊ नका, पाखाडीच्या वरच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून घ्या.