मुलाचा सारखा घोळणा फुटतो, डॉक्टर नाक आतून जाळायचं म्हणतात, करावं का?

तुमचा प्रश्न वाचला. 9 वर्षांचा मुलगा, मार्चपासून आठवड्याला दोन-तीनदा घोळणा फुटतोय, ईएनटीवाल्यांनी 'आतून जाळून घेऊ' सांगितलं आणि 'जाळणे' हा शब्द ऐकूनच घरातले सगळे नको म्हणायला लागले. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पण हे जाळणं माझ्या स्वतःच्या नाकात झालंय आणि आमच्या बाबांना तर याच कारणाने ऑपरेशन थिएटरपर्यंत जावं लागलं, म्हणून लिहितोय.

मी मूळचा अकोल्याचा. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, खिशात कांदा घेऊन फिरायचं गाव आमचं. माझा घोळणा फुटला की आजी मला ओसरीवर उताणं झोपवायची, डोक्यावर माठातलं पाणी, नाकाशी फोडलेला कांदा, आणि नंतर दोन दिवस सब्जा, गुलकंद, धने-जिऱ्याचं पाणी, कारण निदान ठरलेलं, 'उष्णता झाली'. उताणं झोपल्यामुळे सगळं रक्त घशात उतरायचं, तासाभराने काळपट उलटी व्हायची आणि मग 'रक्ताची उलटी झाली हो पोराला' म्हणून वेगळाच गोंधळ. ते रक्त पोटातलं नव्हतंच, मी गिळलेलं नाकातलंच होतं. हे मला कळलं 26 व्या वर्षी, पुण्यात, एका ईएनटी डॉक्टरकडून.

त्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की रक्त आलं की नाक कुठे दाबतोस? मी डोळ्यांच्या मधलं हाड दाबून दाखवलं. त्या हसल्या, म्हणाल्या तिथे हाडाखाली दाबून काय थांबणार. नाकाच्या मधल्या पडद्यावर, अगदी पुढे खालच्या बाजूला बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्याला लिटल्स एरिया म्हणतात, मुलांचं बहुतेक रक्त तिथूनच येतं. म्हणजे दाबायचा तो शेंड्याकडचा मऊ भाग, आणि गंमत बघा, घोळणा म्हणजे नाकाचा हाच मऊ भाग की! शब्द आपल्या तोंडात रोजचा, आणि दाबतो भलतीकडेच.

तर मुलाला ताठ बसवा, मान किंचित पुढे, दोन्ही नाकपुड्या चिमटीत घट्ट धरा आणि घड्याळ लावून 10 ते 15 मिनिटं सोडू नका. सगळे चुकतात ते इथे, दर मिनिटाला बोट उचलून 'थांबलं का' बघतात आणि धरत आलेली गुठळी सुटते. तोंडाने श्वास घ्यायला सांगा, घशात आलेलं रक्त गिळू नको, थुंक म्हणावं. कांदा हुंगवल्याने काय होतं तर शिंक येते, आणि शिंक आली की पुन्हा सुरू.

आता मूळ प्रश्न. जाळायच्या आधी एक साधी पायरी असते ती झालीय का ते बघा. कोरड्या हवेने आत खपली धरते, खाज येते, मुलगा बोट घालतो, खपली निघते, रक्त येतं, परत खपली. हे चक्र तोडायला डॉक्टर एखादं मलम देतात किंवा नुसतं व्हॅसलिन, सकाळ-संध्याकाळ पडद्याच्या पुढच्या भागाला हलकंसं लावायचं, खोल कोंबायचं नाही, सोबत सलाईनचे थेंब आणि नखं कापलेली. बऱ्याच मुलांचं एवढ्यावरच भागतं. महिनाभर नीट करून फरक नसेल किंवा आत एखादी फुगलेली रक्तवाहिनी स्पष्ट दिसत असेल तर मग जाळणं.

आणि ते 'जाळणं' म्हणजे काय ते ऐका, कारण मीही चार रात्री झोपलो नव्हतो. आधी भुलेच्या औषधात भिजवलेला कापूस नाकात ठेवला, दहाएक मिनिटं. वरचा ओठ आणि दात बधिर झाल्यासारखे वाटले. मग आगकाडीसारखी एक लांब काडी, टोकाला सिल्व्हर नायट्रेट लावलेलं, ती त्या जागेवर काही सेकंद टेकवली, बस. धूर नाही, विस्तव नाही. जरा चुरचुरलं, डोळ्यांत पाणी आलं, दोन-तीन शिंका आणि तोंडात नाणं चघळल्यासारखी चव. जागा पांढुरकी-राखाडी होते. माझ्या ओठावर थेंब ओघळला होता त्याचा काळा डाग आठवडाभर राहिला, ऑफिसात सगळे विचारत होते मिशी अर्धीच का काढली. नंतर 10-12 दिवस मलम, नाक जोरात शिंकरायचं नाही आणि खपली काढायची नाही, मुलाच्या बाबतीत खरं अवघड काम हेच.

एक गोष्ट मात्र विचारून घ्या, एका वेळी एकाच बाजूचं करणार ना? पडद्याच्या दोन्ही बाजू एकाच जागी एकदम जाळल्या तर आतल्या कूर्चेला, म्हणजे मऊ हाडाला, रक्तपुरवठा कमी पडून भोक पडायची भीती असते, म्हणून दुसरी बाजू काही आठवड्यांनी करतात. माझी एकच केली. त्यानंतर दोन उन्हाळे कोरडे गेले, तिसऱ्यात एकदा फुटला. म्हणजे जन्माची गॅरंटी नाही.

बाबांचं प्रकरण वेगळं होतं, ते सांगतो कारण घरात म्हातारी माणसं असतातच. बाबा 68 चे, बीपी, हृदयात स्टेंट, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू. डिसेंबरात रात्री सुरू झालं. जवळच्या दवाखान्यात पुढून कापूस कोंबला, बाहेर रक्त दिसेना म्हणून थांबलं म्हणाले आणि घरी पाठवलं. थांबलं कुठलं, मागून घशात उतरत होतं, पहाटे ते गुठळ्या थुंकायला लागले. मोठ्या वयात कधीकधी रक्त नाकाच्या मागच्या भागातून येतं, तिथे चिमटीचा उपयोग नाही. मोठ्या हॉस्पिटलात गेल्यावर लघवीसाठी घालतात ती फोलीची नळी नाकातून घशापर्यंत सरकवली, टोकाच्या फुग्यात पाणी भरलं, नळी पुढे ओढून धरली आणि पुढून पट्टी ठासून भरली. 48 तास तसंच, तोंडाने श्वास, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र, घास गिळताना कान गच्च. माझ्या बापाला मी तेव्हाच पहिल्यांदा रडताना पाहिलं. पॅक काढला आणि त्याच संध्याकाळी पुन्हा रक्त, मग पूर्ण भूल देऊन दुर्बिणीतून ती रक्तवाहिनी, स्फिनोपॅलाटाइन म्हणतात तिला, शोधून क्लिप लावून बंद केली. दोन दिवसांत घरी. रक्त पातळ करायच्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच थांबवल्या आणि परत सुरू केल्या, आमचे एक काका 'आजपासून बंद करा' म्हणत होते, तसं केलं असतं तर स्टेंटचं काय झालं असतं कोण जाणे.

तुमच्या मुलाचं हे असलं काही वाटत नाही. पण नीट दाबूनही 20-30 मिनिटांत थांबत नसेल, धार लागली असेल, किंवा चक्कर येत असेल तर सरळ इमर्जन्सी गाठा. हिरड्यांतूनही रक्त येतं, अंगावर न लागता काळे-निळे डाग उठतात, किंवा घरात कोणाला असा त्रास आहे, तर रक्ताच्या तपासण्या करून घ्या, रक्त गोठण्यातच दोष असू शकतो. ताप असताना फुटला तर प्लेटलेट बघायलाच हव्यात, आपल्याकडे डेंग्यू काय कमी आहे का. आणि पुढे वयात आल्यावर एकाच बाजूचं नाक कायम बंद आणि त्याच बाजूने रक्त असं झालं तर दुर्बिणीने तपासून घ्या, त्या वयातल्या मुलांत नाकाच्या मागे रक्तवाहिन्यांची गाठ होते, क्वचित होते पण होते.

हो, आणि शाळेत वर्गशिक्षिकेला नक्की सांगून ठेवा. माझ्या भाच्याच्या शाळेत अजूनही बाकावर उताणं झोपवून डोक्यावर पाणी मारतात, ताईने शेवटी चिठ्ठी लिहून त्याच्या डायरीत चिकटवली, 'झोपवू नका, शेंडा दाबा, 10 मिनिटं'.