रोज वापरायची गाडी ड्रॅग रेसला उतरवायची तर कुठल्या क्लासमध्ये? हेड्स-अप की ब्रॅकेट?

तुमची गाडी रोजच्या वापराची आहे, क्वार्टर माइलला म्हणजे 402 मीटरला चौदा सेकंदांच्या आसपास घेते आणि तरी जिंकायची हौस आहे, बरोबर? मग ब्रॅकेटमध्येच उतरा, निदान पहिला सीझन तरी.

हेड्स-अपमध्ये सरळ ट्रॅकवर शेजारी उभ्या दोन्ही गाड्या एकदम सुटतात, आधी पोचेल तो जिंकला, विषय संपला. टायर, वजन, इंजिन यांवरून क्लास पाडलेले असतात खरे पण शेवटी तो खिशाचा खेळ आहे, आणि नावात स्ट्रीट असलं म्हणून समोरची गाडी रस्त्यावरून चालत आली असेल असं समजू नका, बऱ्याचदा ती ट्रेलरवरून उतरते.

ब्रॅकेटमध्ये आपली गाडी किती वेळ घेईल ते आपणच आधी सांगायचं, त्याला डायल-इन म्हणतात, काचेवर लिहितात. समजा तुमचं 14.20 आणि समोरच्याचं 12.50, तर तुम्हाला हिरवा दिवा 1.70 सेकंद आधी मिळतो. आता तुम्ही आपला हिरवा दिवा लागल्यावर 0.06 सेकंदांनी सुटलात आणि 14.23 मारलं, तो 0.15 ला सुटला आणि 12.51 मारलं, तर तुम्ही 0.07 नी जिंकलात, त्याची गाडी कितीही पळू दे! नवीन लोकांचा गोंधळ इथेच होतो, कारण ईटी, म्हणजे गाडीने पट्टी कापायला घेतलेला वेळ, गाडी हलल्यावर सुरू होतो, दिवा लागल्यावर नाही, म्हणजे तुम्ही झोपा काढल्या तरी ईटी छानच दिसणार आणि रेस मात्र गेलेली.

डायल-इनपेक्षा कमी वेळात पोचलात तर ब्रेकआऊट, हरलात. दोघांचंही झालं तर ज्याचा वेळ आपल्या डायल-इनच्या कमी फरकाने खाली गेला तो जिंकतो. पण रेड लाइट, म्हणजे हिरव्या दिव्याआधीच सुटणं, त्याहून वाईट, तुमचा रेड लाइट लागला तर समोरच्याचं ब्रेकआऊट होऊनही तुम्हीच बाहेर. माझ्या पहिल्याच रेसमध्ये मी दुपारच्या उन्हातल्या रनवरून 14.20 लिहिलं, संध्याकाळी हवा गार झाली, गार हवा घट्ट असते, इंजिन जास्त ओढतं, झालं 14.11. मित्र नाचत होते कारण मी पुढे होतो, आणि वेळा छापलेली स्लिप हातात आल्यावर सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी. तेव्हापासून हवा बदलली की आकडा बदलतो आणि खूप पुढे असलो तर रेषेआधी ब्रेकला पाय लावतो.

मधला प्रकार इंडेक्स, तिथे आकडा आयोजकच ठरवतात, अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या सुपर स्ट्रीट क्लासला तो 10.90 असतो. तुमच्या गाडीला सध्या त्याचा उपयोग नाही. खरी रस्त्यावरची गाडी म्हणजे काय ते बघायचं तर अमेरिकेतली ड्रॅग वीक ही स्पर्धा बघा, 2005 पासून चालू आहे, आठवड्यात पाच दिवस रेस आणि मधलं हजार मैलांच्या आसपासचं अंतर त्याच गाडीने कापायचं, मागून सामानाची गाडी चालत नाही.

बाकी उतरायच्या आधी एसी बंद करा, पाणी ट्रॅकवर टपकतं आणि मागचे शिव्या घालतात. साधे टायर असतील तर वॉटर बॉक्सला, म्हणजे स्टार्टलाइनआधी रेसिंग टायर भिजवून फिरवायच्या ओल्या जागेला, वळसा घालून जा, खाचांत पाणी भरून स्टार्टलाइनपर्यंत नेलंत तर तुम्हीच घसराल. हेल्मेट मात्र आजच घ्या, एनएचआरएच्या नियमात 13.99 किंवा त्याहून कमी वेळ घेणाऱ्या गाडीला ते सक्तीचं आहे आणि गार संध्याकाळी तुम्ही तिथे कधी पोचाल कळणारही नाही.