फ्लेक्सवरचे 100 टक्के आणि पहिलीचा प्रवेश

एका आईला मुलीचं पहिलीत नाव घालायचं होतं. तालुक्याच्या गावात चालत जाण्यासारख्या दोन शाळा, एक जिल्हा परिषदेची, एक नगरपरिषदेची. पहिल्या शाळेच्या फाटकावर ‘शिष्यवृत्ती परीक्षा, निकाल 100 टक्के’ असा फ्लेक्स. दुसऱ्या शाळेचा निकाल 50 टक्के. जाऊबाईंचा मुलगा फ्लेक्सवाल्या शाळेत. ‘दुसरीकडे घातलं तर हिचं नुकसान होईल का?’ त्या आईसारखा हा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत हमखास येतो.

त्यांना दोन्हीकडे चार आकडे विचारायला सांगितलं: परीक्षेच्या वर्गाचा पट, परीक्षेला बसलेले, पात्र ठरलेले, गुणवत्ता यादीत आलेले. फ्लेक्सवाल्या शाळेत पट 22, बसवलेली मुलं 4, चारही पात्र. दुसरीकडे पट 18, सगळी बसवली, 9 पात्र. पात्र व्हायला 150 गुणांच्या दोन्ही पेपरांत प्रत्येकी 40 टक्के पुरतात. शिष्यवृत्ती मात्र यादीतल्यांनाच. फ्लेक्सवर दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. शिवाय चारांतलं एक मूल अडलं की 100 चे थेट 75, म्हणून आकडे तीन वर्षांचे घ्यावेत.

पण ती परीक्षा वरच्या वर्गाची. सहा वर्षांच्या मुलीसाठी तिसरीचा वर्ग बघणं जास्त उपयोगाचं. मुख्याध्यापकांना विचारून मधल्या सुट्टीनंतर जावं, जूनमध्ये नको. तेव्हा मुलं सुट्टीत विसरलेली असतात. पाच मुलांना दुसरीच्या पातळीचा, पण न शिकवलेला उतारा वाचायला द्यावा आणि हातच्याची एक वजाबाकी, 45 वजा 27 सारखी. मुलं आपण निवडायची, मागच्या रांगेतलीही. बाईंनी उभं केलेलं मूल वाचणारच! तिचं 22 असं उत्तर आलं, तर मूल मोठ्या अंकातून लहान अंक काढतंय, हातचा कळलेला नाही. वह्याही चाळाव्यात: चुकीवर नुसती बरोबरची खूण आहे की खाली दुरुस्ती करून घेतलीय?

पट आणि शिक्षकसंख्या यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर शाळेच्या 11 अंकी क्रमांकाने मिळते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवी मिळून 60 पटापर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे पाच वर्ग दोघांत. तेव्हा पहिली कोणत्या वर्गाबरोबर बसते आणि तिच्या बाईंची बदली यंदा ठरलीय का, हे आधी विचारावं. एका चांगल्या शिक्षकावर चाललेल्या शाळेचा निकाल बदलीबरोबर जातो, फ्लेक्स मात्र वर्षभर तसाच असतो.