ओपन सोर्सवर घर चालतं का?

सॉफ्टवेअर सगळ्यांना फुकट वाटल्यावर ते करणाऱ्याचं पोट कसं भरणार, असं तुम्ही विचारलंय. भरतं हो, माझंच गेली सहा वर्षं त्यावर चाललंय.

मी कोल्हापुरात ईआरपीनेक्स्ट, म्हणजे धंद्याचा स्टॉक, हिशोब, बिलं सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून देतो. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं हे ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर, कुणीही उतरवून घ्यावं आणि वापरावं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "फुकटचं आहे म्हणताय, मग तुम्हाला पैसे कशाचे द्यायचे?" मी म्हटलं साहेब, आधी स्टोअरला जाऊया. तिथं मशिनिंगला बाहेर पाठवलेल्या कास्टिंगची चलनं एका खिळ्याला अडकवलेली, त्यातले परत किती नग आले, रिजेक्ट किती, याचा मेळ स्टोअरवाले काका वहीत लावत बसलेले, आणि जीएसटी रिटर्नची ११ तारीख जवळ आली की सगळ्यांची पळापळ. हे सगळं त्यांच्या पद्धतीनं सिस्टीममध्ये बसवायला, जुना स्टॉक चढवायला आणि काकांच्या शेजारी बसून त्यांना शिकवायला अडीच महिने लागले. पैसे मिळाले ते त्याचे, आणि आता दर वर्षी मेंटेनन्सचे मिळतात.

दुसरी वाट नोकरीची, तीच जास्त भरवशाची. लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, त्यावरचं बहुतेक काम आज कंपन्यांची पगारी माणसंच करतात. रेड हॅट ही अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनी ओपन सोर्सवरच मोठी झाली, पुण्यातही त्यांचे इंजिनिअर आहेत, आणि २०१९ मध्ये आयबीएमनं ती ३४ अब्ज डॉलरला घेतली.

देणग्यांच्या भरवशावर मात्र राहू नका. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा सुरक्षेतला मोठा दोष सापडला तेव्हा कळलं की तो ज्यात होता त्या, ज्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर जगभरातल्या वेबसाइटची सुरक्षा उभी होती त्याला वर्षाला जेमतेम २००० डॉलर देणगी येत होती, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं. आता जरा बदलतंय, झेरोधा या शेअर ब्रोकर कंपनीनं २०२४ मध्ये अशा प्रोजेक्टसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा फंड सुरू केलाय, पण एवढ्या प्रोजेक्टांना तो कुठं पुरणार.

हातातली नोकरी लगेच सोडू नका एवढं ऐका. मला पहिलं काम मिळायला दीड वर्ष गेलं. तोवर रोज रात्री जेवण झालं की तासभर ईआरपीनेक्स्ट वापरणाऱ्या अनोळखी लोकांच्या अडचणी सोडवून द्यायचो, त्यातल्याच एकाचा एक दिवस फोन आला, आमच्या कारखान्यात येऊन हे बसवून द्याल का म्हणून.