आई-बाबांकडे ग्रीन कार्ड आहे, पण ते पुण्यातच रमतात. सहा महिन्यांतून एकदा अमेरिकेला जाऊन आले तर कार्ड टिकेल का?

नुसत्या चकरांनी टिकेलच असं नाही. आमच्या कोथरूडच्या बागेत सकाळी फिरायला येणारे सगळे ‘सहा महिन्यांच्या आत जाऊन आलं की झालं’ असंच सांगतात. मीही कितीतरी वर्षं तेच धरून चालले होते.

ग्रीन कार्ड म्हणजे लांब मुदतीचा व्हिसा नव्हे. तुमचं घर अमेरिकेत आहे आणि बाहेर जाणं तात्पुरतं, हे त्यात गृहीत असतं. १८० दिवसांच्या आत परतलं तर सहसा फार विचारत नाहीत, एवढंच. पण दरवेळी तिथे तीन आठवडे आणि बाकी सगळं पुण्यात असं दिसलं, तर तेव्हाही अडवू शकतात. वर्षभर किंवा जास्त बाहेर राहिलं तर परत शिरायला नुसतं कार्ड चालत नाही.

ह्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आम्ही एकदा अकरा महिन्यांनी गेलो. अधिकाऱ्याने विचारलं, “घर कुठे?” हे पटकन म्हणाले, “पुण्यात.” झालं, दोन तास आत बसवलं. डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या पर्समध्ये होत्या म्हणून सुटलो. अशा वेळी कार्ड सोडत असल्याचा फॉर्म, आय-४०७, पुढे केला जाऊ शकतो. घाबरून सही करायची नाही, हे आई-बाबांना निघण्याआधीच नीट समजावून ठेवा. सही न करता इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडायचा हक्क असतो.

लांब मुक्काम ठरलेलाच असेल तर री-एंट्री परमिट, म्हणजे परत शिरण्यासाठी आधीच घेतलेला परवाना, काढा. फॉर्म आय-१३१, मुदत बहुधा दोन वर्षं. अर्ज करताना ते अमेरिकेतच असायला हवेत. बोटांचे ठसेही तिथेच द्यावे लागतात, म्हणून परतीचं तिकीट घाईने काढू नका. आणि हो, कार्ड आहे तोवर इथल्या एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, सगळं अमेरिकेच्या टॅक्समध्ये दाखवावं लागतं.

पण आधी त्या दोघांना विचारा, राहायचंय कुठे? आम्ही शेवटी आपणहून आय-४०७ भरला. मुलगा दोन दिवस नीट बोलला नाही, मलाही रडू आलं. मग मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत देऊन व्हिजिटर व्हिसा घेतला. आता नातीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जातो आणि गणपतीच्या आत घरी येतो.