मिमिक म्हणजे नेहमी टिंगलच का?

प्रश्न : नमस्कार ताई, मुलगी अकरावी सायन्सला आहे, तिला नोट्समध्ये एक फुलपाखरू दुसऱ्याला मिमिक करतं असं आलंय. आम्हाला मिमिक्री म्हणजे गॅदरिंगमध्ये सरांचा आवाज काढणं एवढंच माहिती. मग मिमिक, इमिटेट, एम्युलेट यात फरक काय आणि वाक्यात कसं वापरायचं?

उत्तर : टिंगल हा मिमिकचा एक अर्थ झाला, पण शास्त्रात टिंगलीचा संबंधच नाही, तिथे फक्त हुबेहूब दुसऱ्यासारखं दिसणं किंवा वागणं. फुलपाखराचंच घ्या ना, आपल्याकडे कढीपत्त्यावर, लिंबावर ज्याच्या अळ्या दिसतात ते कॉमन मॉर्मन, त्याच्या काही माद्या अगदी कॉमन रोझ नावाच्या दुसऱ्या फुलपाखरासारख्या दिसतात, कारण रोझ विषारी वेलीवर वाढलेलं असतं आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, मग त्या माद्याही वाचतात. मुलीला नीट बघायला सांगा, रोझचं अंग लाल असतं आणि मॉर्मनचं काळं, पंखांवर जाऊ नका. हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने अॅमेझॉनच्या जंगलातली अशी फुलपाखरं बघून १८६२ मध्ये हे मांडलं म्हणून त्याला बेट्सियन मिमिक्री म्हणतात. डॉक्टरही म्हणतात की हार्ट अटॅकची लक्षणं कधीकधी अॅसिडिटीला मिमिक करतात, म्हणजे वाटते अॅसिडिटी पण असतो अटॅक, आणि हा अर्थ घरात सगळ्यांना माहिती असावा असं मला मनापासून वाटतं.

इमिटेट साधा शब्द आहे, कुठेही चालतो. एम्युलेट मात्र वेगळा, ज्याच्याबद्दल आदर आहे त्याच्या तोडीचं व्हायला धडपडणं. म्हणून नोकरीच्या अर्जात आय वॉन्ट टु मिमिक माय सीनियर्स असं लिहू नका हो, वाचणाऱ्याला वाटेल तुम्ही त्यांच्या नकला करणार, तिथे एम्युलेटच हवं.

वापरताना मिमिकच्या पुढे ऑफ किंवा टु लावायचं नाही, आपण 'सरांची नकल' म्हणतो त्यामुळे तो ऑफ आपोआप येतो. 'ही मिमिक्स हिज टीचर' (तो सरांची नक्कल करतो), बस. शी इज अ गुड मिमिक असं नाम म्हणूनही चालतं. आणि भूतकाळ लिहिताना सी नंतर के घालायचा मग ईडी, आयएनजी लावतानाही तसंच, नाहीतर सीचा उच्चार स होतो. पिकनिक, पॅनिकलाही हाच नियम, पेपरात स्पेलिंगचे मार्क इथेच जातात.