प्रवासात भेटलेल्या वेगळ्या संस्कृतीच्या माणसांबद्दल लिहिताना ती माणसं पुसट का राहतात? काय करावं?

तुम्ही लिहिलंय की जागा, जेवण, सणवार सगळं नीट उतरतं, माणसं मात्र उतरत नाहीत. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: जे दिसलं त्याला तिथले लोक काय म्हणतात ते विचारा. शब्द कळल्याशिवाय लिहायला बसू नका.

मी ठाण्याची. १३२१ मध्ये इथे फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे चार साधू मारले गेले. पुढे त्याच पंथाचा ओडोरिक नावाचा इटालियन साधू ठाण्याला आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन चीनपर्यंत गेला. ठाण्यातले उंदीर कुत्र्याएवढे असतात, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, असं त्याच्या प्रवासवर्णनात आहे. वाचलं आणि मला आमच्या चाळीतलं मोरीच्या मागचं गटार आठवलं. अहो, ही तर घूस! मांजर तिच्या वाटेला जात नाही हेही खरंच. त्याने पाहिलं होतं अगदी चोख, पण मोजलं आपल्या गावच्या कुत्र्याने. कुणाला तरी नाव विचारलं असतं, तर त्या उंदरासोबत एखादा ठाणेकरही त्या पानावर आला असता.

मीही हेच केलंय. टेंभी नाक्याजवळ १८७९ साली बांधलेलं बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. आमच्या शेजारच्या काकू त्या समाजातल्या. मुलाला नोकरी लागली म्हणून त्यांनी मलिद्याला बोलावलं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. पुरुष ताटापाशी हिब्रूत प्रार्थना म्हणत होते, एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेत होते, आणि आतून मराठीत आवाज आला, "खोबरं पुरेल का गं?" घरी येऊन मी लिहिलं, 'त्यांच्यात गोड पोह्यांचा प्रसाद असतो.'

काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "प्रसाद काय, पोहे काय! मलिदा म्हण की. आणि 'त्यांच्यात' म्हणजे कुणात? आमचं आडनाव अलिबागकडच्या गावावरून पडलंय." मग त्या तासभर बोलल्या. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी, त्यांच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. हे मला आधी कुठल्याच प्रश्नाने मिळालं नव्हतं, एका चुकलेल्या शब्दाने मिळालं. मलिदा तर मला दर्ग्यातला, चपाती कुस्करून गूळ घातलेला माहीत होता. शब्द तोच आणि ताट वेगळं. खरं तर तिथूनच लिहायला हवं होतं.

तेव्हा वहीत आधी शब्द टिपा, तो कुणी सांगितला आणि सांगताना हातात काय होतं तेही टिपा. जमलं तर मजकूर त्याच माणसाला वाचून दाखवा. काकूंच्या हातात त्या दिवशी अर्धा किसलेला नारळ होता. माझ्या पहिल्या मजकुरात तो नव्हता.